आधी ऑइल, मग स्प्रिंगा

वाळूज, छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप आई व बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, नियमांनी हात बांधलेले असताना रेसच्या इंजिनावर खर्च तरी कशावर करायचा, आणि तोच पैसा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या मोठ्या कॅमशाफ्टला का लावत नाही, असे तुम्ही फोनवर विचारलेत. लेथच्या आवाजात नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या शर्यतीच्या वर्गात कॅमशाफ्ट, व्हॉल्व्हची मापे, पिस्टन आणि कॉम्प्रेशन कंपनीचेच ठेवावे लागते, आणि नियमावलीत ज्याला स्पष्ट परवानगी नाही ते निषिद्ध समजले जाते. शर्यतीनंतर इंजिन उघडून कॅमची लिफ्ट, म्हणजे उचल, डायल गेजने मोजली जाऊ शकते, त्यामुळे तिथे हात लावण्याचा प्रश्नच नाही. मोकळीक आहे ती व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, त्यांना वरून धरणाऱ्या चकत्या म्हणजे रिटेनर, आणि इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइल चेंबरच्या आतल्या रचनेपुरती. म्हणजे नवी ताकद विकत घेता येत नाही, पण आहे ती शेवटच्या फेरीपर्यंत टिकवता येते. आणि अशा वर्गातल्या शर्यती त्यावरच जिंकल्या जातात, असे माझे ठाम मत आहे.

गाडीमालकांचे मन टायटॅनियमच्या रिटेनरवर बसले आहे. मी मात्र पहिला पैसा चेंबरवर लावायला सांगितला आहे. आई, उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा टँकर वळण घेताना आतले पाणी कसे एका अंगाला चढते, ते तू पाहिले आहेस. चेंबरमधल्या ऑइलचे तसेच होते. वळणावर बाहेर फेकणारा जोर गाडीच्या वजनाएवढा झाला की ऑइलची पातळी थेट ४५ अंशांनी कलते, पंपाची जाळी उघडी पडते आणि ऑइलऐवजी हवा ओढली जाते. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर लांब, वेगवान वळणे आहेत, आणि तिथे इंजिन नेमके खूप वेगाने फिरत असते. क्रँकवरचे बिग एंड बेअरिंग धरायला, म्हणजे जाम व्हायला, तेवढे काही सेकंद पुरतात. म्हणून जाळीभोवती आडव्या पट्ट्या आणि आतल्या बाजूलाच उघडणारी छोटी दारे बसवत आहोत. ऑइल जाळीकडे येते, पण वळणावर परत पळून जात नाही. क्रँकच्या खाली एक पत्रा येईल, म्हणजे क्रँक ऑइल घुसळून त्याचा फेस करणार नाही. ऑइल जास्त भरून हे भागत नाही, कारण पातळी क्रँकपर्यंत आली की फेस वाढतो आणि ताकदही खाल्ली जाते. मोठा पंपही मी नाकारला, कारण इंजिनाच्या वरच्या भागातून, म्हणजे हेडमधून, ऑइल वेळेवर खाली उतरले नाही तर तो चेंबर आणखी लवकर रिकामा करतो. त्याऐवजी हेडमधल्या परतीच्या छिद्रांच्या कडांवर ओतकामाची जी खरबरीत किनार राहिली होती, ती हाताने कानस लावून साफ केली. आमच्या नियमांत तेवढी साफसफाई चालते.

आई, गाडी चालवणाऱ्या मुलाची तुला काळजी वाटते, ती मलाही वाटते. वळणावर इंजिन धरले तर चाके अडकू शकतात, आणि सांडलेल्या ऑइलवरून मागच्या गाड्या घसरतात. मालकांशी मी एवढा वाद घातला तो यासाठीच.

आता स्प्रिंगा. बाबा, तुम्ही आयुष्यभर विहिरीवरची डिझेल इंजिने दुरुस्त केलीत, ती मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर चालत. हे इंजिन ७,५०० फेऱ्यांवर जाते. वेग पाचपट झाला की त्याच व्हॉल्व्हला कॅमवर धरून ठेवायला पंचवीसपट जोर लागतो, कारण हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. प्रत्येक व्हॉल्व्ह दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला बासष्ट वेळा उघडतो, आणि स्प्रिंग कमी पडली की तो कॅम सोडून तरंगतो आणि पिस्टनला भिडून वाकू शकतो. घाईत चुकीचा खालचा गिअर पडला तर चाकेच इंजिनाला फिरवतात, तिथे फेऱ्यांना मर्यादा घालणारा रेव्ह लिमिटरही काही करू शकत नाही. म्हणून थोडी वाढीव ताकद हवीच, पण कडक स्प्रिंग म्हणजे चांगली स्प्रिंग नव्हे. जादा दाबाने कॅमचे टोक आणि रॉकर झिजतात. मी वर निमुळत्या होत जाणाऱ्या स्प्रिंगा निवडल्या आहेत. त्यांचा रिटेनर आपोआप लहान व हलका होतो, आणि वेटोळी सारख्या व्यासाची नसल्यामुळे स्प्रिंग स्वतःच थरथरण्याचे प्रमाण घटते. मग टायटॅनियमची गरज उरत नाही.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर वेटोळ्यांत एकूण किमान एक मिलिमीटर मोकळी जागा राहते का, हे सोळाही व्हॉल्व्हांच्या ठिकाणी मोजणार आहे, आणि स्प्रिंगांची बसवलेली उंची शिम, म्हणजे पातळ चकती, घालून एकसारखी करणार आहे. तुमचे मत मला इथेच हवे आहे: शिम स्प्रिंगखालीच ठेवावी, की हेडचे बैठकीचे माप आधी सारखे करून घ्यावे? चेंबर वेल्डिंगहून यायला अजून अवकाश आहे, तोपर्यंत कळवलेत तरी चालेल. तुमचे जुने फिलर गेज शेजारच्या दादांबरोबर पाठवा. त्याची पाती इथल्यापेक्षा अचूक आहेत.

आईच्या गुडघ्यांचे तेल संपले असेल तर तेही कळवा.

तुमची लेक