दाखला नाही म्हणून पोराला परत पाठवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या उचगावातल्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही बिहारच्या एका कुटुंबाला भाड्यानं दिल्यात. नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, बायको घरी आणि नऊ वर्षांचा पोरगा. जूनमध्ये मी स्वतः त्याला जवळच्या एका शाळेत घेऊन गेले तर सांगितलं, गावाकडचा दाखला आणा मग बघू. आता तो माणूस त्यासाठी रेल्वेनं बिहारला जाणार कधी आणि खाडे करणार किती? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, मूल वयाप्रमाणं वर्गात बसवायचं आणि मागं असेल तर वेगळं शिकवायचं. मी ३१ वर्षं प्राथमिकला शिकवलंय म्हणून मला हे माहीत, त्यांना कोण सांगणार? तीन हेलपाटे घातल्यावर प्रवेश मिळाला. बीडकडनं येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या पोरांचंही हेच होतं, ती तर मराठीच बोलतात.

माझा मुलगा आणि सून चार वर्षं झाली जर्मनीत आहेत. सुनेनं तिथं सरकारी इंटिग्रेशन कोर्स केला, ६०० तास भाषा आणि वर १०० तास तिथला कायदा, इतिहास, चालीरीती. पहिले दोन महिने फोनवर रडायची. इथं इंजिनियरिंग केलेली हुशार पोरगी, पण तिथं वर्गात बाई विचारायच्या "तुला काय वाटतं?" आणि हिच्या तोंडातनं शब्द फुटायचा नाही, कारण आपल्याकडं सर सांगतील ते वहीत उतरवायचं आणि पेपरात लिहायचं, तुला काय वाटतं हे तिला कुणी विचारलेलंच नव्हतं (मीपण माझ्या वर्गात किती वेळा विचारलं असेल, हे आता मनाला लागतं). आता ती माझ्याशीसुद्धा "आई, पण असं का?" म्हणून वाद घालते आणि मला ते मनापासून आवडतं.

मुलाचं वेगळंच. बाहेरची माणसं आली की गाव बिघडतं असं म्हणणारा तो, तिथं दुकानात त्याचं अडखळत जर्मन ऐकून मागच्या रांगेतली माणसं सुस्कारे टाकायला लागली तेव्हा त्याला कळलं की बाहेरचा म्हणजे कोण. आता दर रविवारी पहिला प्रश्न, "आई, त्या पोराला मराठी किती आलं?"

येतंय हळूहळू. हिंदीत ळ नाही म्हणून तो कमळला कमल म्हणायचा, मग जीभ उलटी वळवून टाळूला लाव म्हणून मी दाखवलं तर आठवडाभर आरशासमोर बाळ, केळं, गूळ, बाळ, केळं, गूळ. गूळ सगळ्यात आधी आला! त्याची आई सुरुवातीला बचत गटाच्या मीटिंगला डोक्यावर पदर ओढून मागं बसायची, परवा तिनं उठून विचारलं की माझ्या नावानं खातं निघेल का. ती माझ्याकडनं भाकरी थापायला शिकली आणि चोख्यात (म्हणजे त्यांच्याकडच्या वांग्या-बटाट्याच्या भरतात) मोहरीचं कच्चं तेल घालतात हे मला तिच्यामुळं कळलं.

कोल्हापूरला हे नवीन नाही हो. रशियानं सैबेरियात नेऊन टाकलेले पोलंडचे लोक, बहुतेक बायका-पोरं, इराणमार्गे इथं आले आणि १९४३ ते १९४८ आपल्या वळिवड्यात सुमारे ५००० जण राहिले, त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. एक पोलिश मुलगी तर इथल्याच माणसाशी लग्न करून कायमची इथली झाली. ते गेल्यावर त्याच जागेत फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी लोक वसले, तेच आजचं गांधीनगर, जिथं आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो. २०१९ ला छावणीतली तेव्हाची पोरं म्हातारपणी परत कोल्हापूर बघायला आली होती. उगीच आली का एवढ्या लांब?

म्हणून महापालिका, जिल्हा परिषद आणि कारखानदार सगळ्यांनाच विनंती आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगाव भागात संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर दोन तास मराठीचे वर्ग सुरू करा, मोठ्यांसाठी वेगळा, पोरांसाठी वेगळा. आणि शाळांनी दाखल्यासाठी पोरं परत पाठवायचं आजपासून बंद करावं. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी फुकट शिकवायला तयार आहोत. एक खोली, एक फळा आणि लाईट एवढं द्या, सोमवारपासून येतो.

– एक निवृत्त शिक्षिका, उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर