भोसरीच्या पॅटर्नवाल्या काकांना, मुठीबद्दल

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळते. पत्र मात्र उघडच लिहिते. एअर पिस्तुलाची मूठ माझ्या हाताला बसवण्याचं काम ज्यांच्याकडून झालं नाही त्यांनीही ते वाचावं, आणि दुसऱ्याच्या पंजाची मूठ असलेलं एअर पिस्तूल ज्यांच्या कपाटात पडून आहे त्यांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

मी जुनं घेतलेल्या पिस्तुलात खोट नव्हतीच. स्पर्धेचं, ४.५ मि.मी.चं, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारं, पहिल्या मालकानं जपून वापरलेलं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ मात्र ‘एल’ मापाची, त्याच्या हाताप्रमाणे कोरून घेतलेली. विकणारा म्हणाला, ‘वापरत राहा, हात बसेल.’ चप्पल बसते, काका, हात बसत नाही. लहान पंजा मोठ्या मुठीत गेला की तर्जनी ट्रिगरपर्यंत पोचता पोचता लाकडाला घासते. मग ट्रिगर सरळ मागे येत नाही, अख्खं पिस्तूलच बाजूला ढकललं जातं आणि उजव्या हाताच्या माणसाचे छर्रे ओळीनं डावीकडे जातात. ते पाहून कुणीतरी शहाणा रिअर साइटचे, म्हणजे मागच्या नेमखाचेच्या स्क्रूचे, क्लिक फिरवायला सांगतो. क्लिकनं चूक फक्त झाकली जाते, कारण ढकललं जाणं प्रत्येक वेळी सारखं नसतं; कालचे क्लिक आज उलटेच लागतात.

दुसऱ्यानं मूठ मशीनवर धरून गुळगुळीत केली आणि वर चकचकीत लॅकर मारून दिलं. दिवाणखान्यात मांडून ठेवण्यासारखी दिसत होती. पुण्यातल्या मे महिन्यात तळहाताला घाम सुटला की लॅकरवरून हात साबणासारखा सरकतो, हे त्याला कुणी सांगायचं? तिसऱ्यानं मुठीकडे पाहिलंच नाही, ‘पॉवर वाढवून देऊ का?’ म्हणून विचारलं. दहा मीटरवर कागदाला भोक पाडायचं आहे. छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटरनं जातो तेवढं त्या कामाला पुरतं, आणि २०० बार दाबाच्या सिलिंडरशी किंवा त्याच्या व्हॉल्व्हशी खेळणं हा छंद नव्हे. तिघांनाही पिस्तुलातलं बरंच कळत होतं. हात दाखवा, असं मात्र तिघांपैकी एकही म्हणाला नाही.

तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंत, ‘मला पिस्तुलातलं काही कळत नाही, लाकूड कळतं.’ आणि लगेच, ‘सिलिंडर काढा, आत छर्रा नाही हे मला दाखवा, मग टेबलावर ठेवा.’ फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे कुणी शिकवलं नसणार. सिलिंडरवरची तारीखही तुम्हीच शोधलीत. असे सिलिंडर साधारण दहा वर्षांनी बाद करायचे असतात, हे विकणाऱ्यानं सोयीस्करपणे गाळलं होतं.

मग तुम्ही पिस्तूल बाजूला सारलंत आणि हात मागितलात. अंगठा आणि तर्जनीच्या बेचकीपासून तर्जनीच्या पहिल्या पेराच्या मध्यापर्यंत कागदाची पट्टी धरलीत, पेन्सिलनं खूण केलीत आणि तीच पट्टी मुठीच्या पाठीपासून ट्रिगरपर्यंत लावलीत. चार मि.मी. कमी पडत होते. इतके दिवस ‘सराव कमी पडतोय’ या नावाखाली खपलं ते हेच.

आता जे वाचत आहेत त्यांच्यासाठी, तुमच्या शब्दांत: आधी स्क्रू, मग कानस. बहुतेक स्पर्धेच्या पिस्तुलांत ट्रिगरचं पातं छोट्या रेलवर मागेपुढे सरकतं आणि एका अ‍ॅलन कीनं ते काम होतं. दोन मि.मी. तिथेच मिळाले. उरलेले दोन मुठीच्या पाठीतून, बेचकी जिथे टेकते तिथून काढले, आणि तेही मूठ पिस्तुलावरून उतरवून, कारण लाकडाचा भुसा ट्रिगरच्या यंत्रणेत गेला की ट्रिगर अडखळायला लागतो आणि माणूस स्प्रिंगला दोष देत बसतो. बेचकी जितकी वर, नळीच्या जवळ, तितकं पिस्तूल कमी उसळतं. म्हणून लाकूड मागून काढायचं, वरची कड खाली घ्यायची नाही. तर्जनी आणि लाकूड यांच्यामध्ये पोस्टकार्ड सहज फिरलं पाहिजे.

मोठ्या मुठीत लहान हाताची खरी अडचण असते ती तळहाताच्या खळग्यात, तिथे पोकळी राहते. तिथे दोन भागांची इपॉक्सी पुट्टी लावायची. पण वर्षानुवर्षांचं हाताचं तेल लाकडात मुरलेलं असतं. ते थिनरनं पुसून ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडल्याशिवाय पुट्टी धरत नाही, महिन्याभरात खपलीसारखी उचकटते. एका वेळी तीन मि.मी.पेक्षा जाड थर नको. वर पातळ प्लास्टिक, आणि मग हात खांद्याच्या रेषेत लांब करून, नेम धरल्यासारखी मूठ पकडायची. टेबलावर बसून दाबली तर ठसा टेबलावर बसलेल्या हाताचा येतो, कारण मनगटाचा कोन वेगळा असतो. तीन-चार मिनिटं, मग सोडायचं.

आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. पुट्टीत बोटांचा हुबेहूब ठसा उमटला की माणूस खूश होतो. तुम्ही मात्र बोटांच्या मधले उभे राहिलेले सगळे कंगोरे कानशीनं निम्म्याहून जास्त उतरवलेत. कारणही पॅटर्नवाल्याचंच दिलंत: बिडाचं लोखंड थंड होताना मीटरला सुमारे दहा मि.मी. आटतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. मग हात काय बारा महिने एकाच मापाचा असतो? मेमध्ये फुगतो, जानेवारीच्या सकाळी बालेवाडीच्या रेंजवर आखडतो. हुबेहूब ठशात मेमधलं बोट चुकीच्या खाचेत बसतं आणि तिथून हलत नाही. जागा ठेवायची, कोंडवाडा करायचा नाही.

कुठे टेकतं आणि कुठे नाही हे पाहायला तुम्ही मुठीवर फिटरचा मार्किंग ब्लू पुसलात. निळं हाताला लागलं तिथे लाकूड टेकतंय, कोरं राहिलं तिथे पोकळी. फार साधी युक्ती, पण पिस्तुलवाल्यांपैकी एकालाही सुचली नाही. (तो रंग तीन दिवस जात नाही, हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ऑफिसात फार प्रश्न आले.) मधलं आणि अनामिका ही दोन बोटं मूठ सरळ मागे ओढतात, निळा गडद हवा तो तिथे आणि त्यांच्या समोर तळहातावर. अंगठ्यापाशी फिकट किंवा काहीच नाही.

खालचा कट्टा, म्हणजे पाम शेल्फ, तुम्ही सगळ्यात शेवटी घेतलात. बाकीची मूठ बसण्याआधी शेल्फ वर घेतलं तर ते हात खालून चेपतं आणि बेचकी जागा सोडते. पोस्टकार्ड किंचित अडत सरकेल इतकीच जवळीक. शेल्फचा मुठीशी कोन ९० अंशांपेक्षा कमी नको आणि त्याची कड वर वळलेली नको, हा स्पर्धेचा नियम. फक्त रविवारी मौज म्हणून नेम धरायचा असेल तर हा नियम कशाला, असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘नियम करणाऱ्यानं बरेच हात बघितले असतील.’ वर वळलेल्या कडेत हात अडकतो आणि दर वेळी वेगळा अडकतो, हे नंतर पटलं.

मग डोळे मिटून परीक्षा. हात उचलायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास, उघडायचे. फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची पट्टी, रिअर साइटच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. असं दहा वेळा करून कागदावर नुसती खूण करायची: डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. दहात सात वेळा एकाच बाजूला गेली तरच कानस उचलायची. तीन-चार वेळा गेली तर तो हाताचा आळस. वर किंवा खाली जात असेल तर लाकडाला हात लावू नये, मूठ बसवण्याच्या स्क्रूपाशी कोन बदलतो. आणि तो स्क्रू पहिलवानासारखा आवळू नये. लाकूड तिथूनच चिरतं.

हा आटापिटा कशासाठी, असं विचारणाऱ्यांसाठी साधा हिशोब. दोन साइट्समधलं अंतर ३५० मि.मी. धरलं आणि फ्रंट साइट खाचेत एक मि.मी. सरकली, तर दहा मीटरवर छर्रा जवळजवळ २९ मि.मी. बाजूला जातो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मि.मी. असतो. म्हणजे नेम अगदी मध्यावर असूनही सात गुण. २०२४ साली पॅरिसला ब्राँझ मिळवणाऱ्या आपल्या स्वप्नील कुसाळेच्या रायफलला खांदा असतो, गाल असतो, दोन हात असतात. पिस्तुलाला एक मूठ, बस्स.

ट्रिगरचं थोडक्यात, कारण तिथे काही बिघडलं नव्हतं. स्पर्धेत कमीत कमी ५०० ग्रॅम लागतात. मौजेसाठी त्याहून हलका करायचा मोह टाळावा, बोट लागताच सुटणारा ट्रिगर कुणाच्याच भल्याचा नाही. पहिल्या टप्प्यात साधारण ३७० आणि दुसऱ्यात १५०, असं ठेवलं की दोन टप्प्यांमधली भिंत बोटाला स्पष्ट लागते आणि वर वीसेक ग्रॅम हाताशी राहतात. नळी उभी धरून तपासताना किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं लोखंडी माप टांगायला हरकत नाही, फक्त तारेच्या आकड्याचं वजनही त्यात धरा. चाळिशी लागलेल्यांनी फ्रंट साइट पाच मि.मी.ची घ्यावी आणि रिअरची खाच इतकी उघडावी की दोन्ही बाजूंना उजेडाची पट्टी दिसेल. लक्ष्यावरचा काळा गोळा धूसर दिसला तरी चालतो, फ्रंट साइट नाही.

शेवटी तुम्ही १२० नंबरच्या पेपरवर थांबलात, त्यापुढे गुळगुळीत केली नाहीत. छोट्या पंचनं बारीक ठिपके मारलेत आणि जवसाच्या तेलाचे चार थेंब चोळलेत. काम संपलं असं मला वाटलं.

घरी पुसायला म्हणून मूठ उतरवली. आतल्या बाजूला, जिथे ती चौकटीवर बसते आणि कुणाला दिसायचं काही कारण नाही, तिथे सुताराच्या पेन्सिलनं तुमचं ठसठशीत अक्षर होतं: ‘पाठ २ मि.मी. काढली. तळहात ३ मि.मी. भरला, पुट्टी काढता येते. स्क्रूपाशी आणखी काढू नये, लाकूड ५ मि.मी. उरले.’ खाली तारीख. सही नाही.

ही ओळ माझ्यासाठी नव्हती. मला तुम्ही सगळं तोंडी सांगितलंच होतं. ती लिहिली होती माझ्यानंतर हे पिस्तूल ज्याच्याकडे जाईल त्याच्यासाठी, आणि त्याच्या पुढ्यात कानस घेऊन बसेल त्या कारागिरासाठी, म्हणजे तुम्ही कधीच भेटणार नाही अशा दोन माणसांसाठी. लॅकर मारणाऱ्यानं किती लाकूड काढलं होतं ते कुणालाच ठाऊक नाही, त्यालाही नसेल. तुम्ही दोन मि.मी. काढलेत आणि त्याचा हिशोब ठेवलात. बिल देण्याचा आग्रह केला तर पुट्टीचे आणि पॉलिश पेपरचे पैसे तेवढे घेतलेत, तेही सुटे परत देऊन. पण मला आठवते ती ती पेन्सिल. दुकानात चांगुलपणा पुष्कळ दिसतो, चहासकट. झाकणाच्या आत, कुणी पाहणार नाही तिथे, तो फार थोड्यांचा पोचतो.

श्रावणात लाकूड फुगेल आणि शेल्फ हाताला लागेल, असं तुम्ही बजावलं आहे. लागलं तर कानस लावणार नाही, शेल्फचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून बघेन आणि तरीही लागलं तर घेऊन येईन. सिलिंडर काढून आणि आत छर्रा नाही ते दाखवून.

आपली,
रविवारची नेमबाज, कोथरूड

ता. क. पेन्सिलच्या ओळीवर पारदर्शक चिकटपट्टी लावली आहे. तेलानं पुसली जाईल अशी भीती वाटली. चालेल ना?