ठाण्याला पाठवलेली डबी

ती. आई-बाबांना सा. न.

दादाबरोबर मायक्रोस्कोप आणि एक डबी पाठवली आहे. डबीत रेतीसारखं दिसतंय ते रेती नाही. अरबी समुद्राच्या तळाचा गाळ धुऊन उरलेली फोरामिनिफेरांची कवचं आहेत ती. हे एकपेशीय जीव उघड्या समुद्राच्या वरच्या थरांत तरंगतात, जेमतेम दोन ते चार आठवडे जगतात, आणि नंतर त्यांची कॅल्साइटची (चुनखडीतलं खनिज) रिकामी कवचं तळाशी जाऊन बसतात. बाबा, खाडीचा चिखल आणून शोधायला बसू नका. तिथे तळाशी राहणारे त्यांचे भाऊबंद मिळतील, तरंगणारे क्वचितच.

धुण्याचं काम झालंय, पण बाबा विचारणारच. गाळ 50 अंशांखाली वाळवला, वजन केलं, रात्रभर भिजवला आणि 63 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर हलक्या धारेखाली धुतला. जास्त तापवला तर चिकणमाती भाजून कवचांना धरून बसते. डिस्टिल्ड पाण्यात फार वेळ ठेवला तर ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं आणि पातळ कवचं खातं. दर नमुन्यानंतर चाळणी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगात बुडवतो. मागचं एखादं कवच जाळीत अडकलं असेल, तर पुढच्या वेळी ते निळं दिसतं आणि वगळता येतं. शेवटी कोरडं चाळून 150 मायक्रॉनच्या वरची तेवढी डबीत भरली. त्याहून लहान पिल्लांची जात ओळखताना आम्हीही चाचपडतो.

आई, पुढचं काम तुझं. तांदूळ निवडतेस तसंच, फक्त दाणा अर्ध्या मिलिमीटरचा. काळ्या ट्रेवर एकच थर पसर. 000 नंबरचा ब्रश ओला करून टिपकागदावर टेकव, टोक नुसतं दमट राहिलं पाहिजे. थेंब राहिला तर कवच केसांत शिरतं आणि सोडवताना फुटतं. ब्रश कोरडा असेल तर ते चिकटतच नाही. पंखा बंद. हो, ठाण्याच्या मे महिन्यातही.

ट्रेवर चौकोन आखलेत. पहिल्यापासून ओळीनं जा आणि 300 कवचं भरेपर्यंत समोर येईल ते प्रत्येक कवच उचल. इथेच सगळे चुकतात. नजर मोठ्या, देखण्या कवचांवर जाते. 300 भरतात तेव्हा खुजी आणि मळकी ट्रेमध्येच पडून असतात. मग जातींची टक्केवारी समुद्राची न निघता आपल्या आवडीची निघते. 300 झाले तरी हातातला चौकोन पुरा करायचा. तुकडे वेगळे मोजायचे, कारण ते फार असतील तर खोल पाण्यानं कवचं विरघळवली असण्याची शक्यता असते.

बाबा, ओळखायचं काम तुमच्याकडे. साबुदाण्यासारखा गोळा म्हणजे ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा. चपटं आणि कडेला कंगोरा असलेलं ग्लोबोरोटॅलिया मेनार्डी. या दोन्ही सोप्या. घोटाळा होतो तो ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर आणि ग्लोबिजेरिना बुलॉइडिस यांच्यात. रुबरच्या शेवटच्या वेढ्यात तीन कप्पे असतात आणि पाठीवर जादा तोंडं. बुलॉइडिसला चार कप्पे, पुढे एकच मोठं तोंड, पाठ कोरी. म्हणून प्रत्येक कवच उलटून पाहा. नैऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्यालगत थंड, पोषक पाणी वर खेचतात, तिथे बुलॉइडिस फोफावते. तिच्या टक्केवारीवरून जुन्या मोसमी वाऱ्यांचा जोर काढतात. रुबर ऑक्सिजनचे समस्थानिक, म्हणजे त्याचे हलके-जड अणू, मोजण्यासाठी जाते. पाणी एक अंशानं गार झालं की कवचातला जड ऑक्सिजन-18 हजारात साधारण 0.2 नं वाढतो. एकेक कवच 10 मायक्रोग्रॅमच्या आसपास भरतं, त्यामुळे एका मापनाला 10-20 कवचं लागतात. दोन जातींची सरमिसळ झाली तर तो आकडा कशाचाच राहत नाही.

कवचं चिकटवायच्या स्लाइडवरच्या डिंकात लवंगाच्या तेलाचा थेंब टाकलाय, बुरशी लागू नये म्हणून. तरी पाऊस सुरू झाला की सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवा.

आणि गुलाबी रुबर दिसली तर ट्रे तसाच ठेवून आधी मला फोन करा. अटलांटिकमध्ये ती आजही आहे, पण हिंदी महासागरातून साधारण 1 लाख 20 हजार वर्षांपूर्वी नाहीशी झाली. डबीतला गाळ अगदी वरच्या थराचा, म्हणजे अलीकडचा आहे, तेव्हा ती सापडलीच तर माझी चाळणी नीट धुतली गेलेली नाही.

तुमची
छोटी