पहिल्या वर्षाच्या मुलांना गुण कशाचे, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बी.कॉम. आणि बी.बी.ए.च्या पहिल्या वर्षाला व्यवसायाची ओळख करून देणारा जो विषय असतो, त्याच्या गुणांबद्दल हे पत्र आहे. मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत एका करसल्लागारांकडे कामाला आहे आणि माझी मुलगी वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात शिकते. त्यामुळे पदवी घेऊन नोकरी मागायला येणारी मुले मी कार्यालयात पाहते आणि त्या पदवीची सुरुवात कशी होते, ते घरात पाहते.

माझी मागणी एकच आहे. सत्राच्या पहिल्या तासाला प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात एक कागद पडावा. या विषयात काय काय करायचे, कोणत्या कामाला किती गुण, ते कधीपर्यंत द्यायचे आणि चांगले काम कशाला म्हणायचे, एवढे त्यावर असावे. इंटर्नलचे गुण त्या कागदाप्रमाणेच पडावेत आणि असाइनमेंट तपासून, शेरा लिहून मुलांना परत मिळावी.

विद्यापीठाचा अभ्यासक्रम संकेतस्थळावर असतो, हे मला ठाऊक आहे. त्यात घटकांची नावे असतात, तास असतात, संदर्भग्रंथ असतात. मुलीला पडलेला प्रश्न वेगळा होता. 'भागीदारी आणि सहकारी संस्था यांतील फरक' या विषयावर तिने आठ पाने लिहिली, मैत्रिणीने गाइडमधून तीन पाने उतरवली आणि वर्गातल्या एकाने मोबाइलवरून तयार मजकूर घेऊन छापून आणला. तिघांनाही सारखेच गुण पडले. का, ते कोणालाच कळले नाही, कारण वह्या परत आल्याच नाहीत. कॉलेजचे नाव लिहीत नाही. इतर पालकांशी बोलल्यावर जे ऐकले त्यावरून हा प्रकार एकाच कॉलेजातला नाही.

गुण थोडे असतात, त्यात काय एवढे, असे म्हणणाऱ्यांनी क्रेडिटचा हिशेब करून पाहावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचे अध्यापन, म्हणजे चार क्रेडिटचा विषय ६० तासांचा. श्रेणी दहाच्या मापावर: 'ओ'ला १०, 'ए प्लस'ला ९, असे उतरत जाऊन नापासाला शून्य. प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणतात, सगळ्यांची बेरीज करतात आणि एकूण क्रेडिटने भागतात, की सत्राची सरासरी निघते. २२ क्रेडिटच्या सत्रात चार क्रेडिटच्या एका विषयाला ६ ऐवजी ८ पॉइंट मिळाले, तर सरासरी ०.३६ ने वर जाते. एम.बी.ए.च्या किंवा नोकरीच्या अर्जात हा फरक दिसतो. आमच्याकडे येणाऱ्या पदवीधरांपैकी किती जणांना स्वतःच्या गुणपत्रकावरची सरासरी कशी निघाली हे सांगता येते, ते मी विचारून पाहिले आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांना हे सांगता येऊ नये, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आपल्या जिल्ह्यात गावोगावी दूध संस्था आहेत. तिथे दूध घालणाऱ्या बाईला लिटर किती, फॅट किती, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून इतर घन घटक) किती आणि त्यावरून दर किती बसला, हे लिहून मिळते. दर कमी लागला तर का लागला हे तिला कळते आणि वाद घालायचा तर आकडा हातात असतो. तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला त्याच्या सहा महिन्यांच्या कामाबद्दल निदान एवढे तरी कळायला हवे.

त्या कागदावर काम कोणते असावे, याबद्दलही लिहिते. कोल्हापुरात हा विषय नुसता पुस्तकातून शिकवणे म्हणजे हातचे सोडणे आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. आजही दिवाळी पाडव्याला गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो. दुसऱ्या सत्राच्या मुलांना हंगामात मार्केट यार्डात पाठवा. ३० किलोच्या रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, आज क्विंटलमागे काय दर निघाला, त्यातून हमाली, तोलाई वजा जाऊन शेतकऱ्याच्या हातात काय पडले, गुऱ्हाळघरात ऊस, जळण आणि गुळव्याची (गूळ तयार करणाऱ्या कारागिराची) मजुरी मिळून खर्च किती आला, हे मुलाने स्वतः विचारून मांडावे. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: साखर कारखाना एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, देत असताना शेतकरी गुऱ्हाळाला ऊस का घालील? कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता यावे, यासाठीची सरकारी नोंदणी) असूनही बाहेरचा गूळ त्याच नावाने विकला जातो, अशी तक्रार का होते? खर्च, किंमत, मध्यस्थ, स्पर्धा, नाममुद्रा, सगळे घटक एका रव्यात सापडतात. आणि हे काम गाइडमध्ये मिळत नाही, मोबाइलही लिहून देत नाही, कारण त्या दिवशीचा दर आणि त्या माणसाशी झालेले बोलणे त्यात असावे लागते.

गूळ नको तर हुपरीची चांदी आहे, शिरोलीच्या फाउंड्री आहेत, इचलकरंजीचे यंत्रमाग आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळाले आणि २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर तसलीच चप्पल दाखवली, तेव्हा केवढी चर्चा झाली. मानांकन नेमका कोणाला कोणता हक्क देते, यावर वर्गात एक तास व्हायला हरकत नव्हती.

अशा कामाला समजा २० गुण ठेवले, तर माझ्या मते सहा गुण प्रत्यक्ष जाऊन मिळवलेल्या खऱ्या माहितीचे असावेत, सहा हिशेब बरोबर मांडल्याचे, चार तो हिशेब वर्गात शिकलेल्या संकल्पनांशी जोडल्याचे आणि चार तोंडीचे. तोंडी वगळू नये. गटाने काम केले की एक जण लिहितो आणि चार जण सही करतात, ते तोंडीत पाच मिनिटांत उघडे पडते. भाषेला गुण कापू नयेत. राधानगरी-भुदरगडकडची मुले मराठीत उत्तम हिशेब सांगतात आणि इंग्रजीत लिहायला लावले की गप्प होतात.

मुदतीचा नियमही कागदावर लिहिलेला असावा. पहिले सत्र पावसाळ्यात येते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी वाढू लागली, गगनबावडा रस्त्यावर पाणी आले, की एस.टी. बंद होते आणि मुले गावातच अडकतात. उशिरा दिल्यास किती गुण जातील आणि पूर आल्यास काय, हे आधी ठरलेले असले तर प्रत्येकाला सरांकडे विनवण्या करत जावे लागणार नाही. हजेरीचेही तेच.

प्राध्यापकांवर मी दोष टाकत नाही. शंभराच्या वर मुलांचा वर्ग आणि शिकवणारे तासिका तत्त्वावर, अशी अनेक ठिकाणची स्थिती आहे. तपासण्याचा आणि तोंडीचा वेळ त्यांच्या मानधनात धरला जात नसेल, तर शेरे लिहायला ते वेळ कुठून आणणार? हा वेळ कार्यभारात मोजला जावा, यासाठी पालकांनी त्यांच्या बाजूने बोलले पाहिजे. मी बोलायला तयार आहे.

शहरातल्या व्यापारी आणि कारखानदारांनी मुलांना तासभर दुकानात, कारखान्यात उभे राहू द्यावे. मी आमच्या साहेबांना विचारले आहे, त्यांची हरकत नाही. जीएसटीचे विवरणपत्र कसे भरतात हे पाहायला चार-पाच मुलांचा गट आमच्याकडे येऊ शकतो. महिन्याच्या २० तारखेपर्यंत कामाची घाई असते, त्यानंतर कोणत्याही दिवशी दुपारी यावे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपली,
एक पालक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर