स्मारकाला ब्रश लावण्याआधी

प्रिय अनू,

बागेतल्या युद्धस्मारकाची सफाई तुम्ही मित्रमंडळींनी अंगावर घेतलीत, फार बरं वाटलं. फक्त एक ध्यानात ठेव. दगड चकचकीत करायचा नाही, त्यावरची नावं टिकवायची आहेत. प्रत्येक घासण्यात अक्षरांची कड थोडी झिजतेच, आणि गेलेली कड परत येत नाही.

स्मारक ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी घ्या, मग आधी नुसते फोटो काढा. समोरून काढलेल्या फोटोत पुसट नावं हरवतात. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या कडेला, जवळजवळ टेकवून धर. उजेड तिरपा आला की खाचांत सावली पडते आणि सपाट दिसणाऱ्या दगडातून नाव वर येतं. नाव, हुद्दा, पलटण जसं कोरलंय तसंच उतरवून घ्या. चुकलंय असं वाटलं तरी सुधारू नका.

मग दगडावरून हलकेच बोट फिरवून बघ. बोटाला भुकटी लागली किंवा पापुद्रे सुटत असतील तर तिथे हात लावू नका, ते संवर्धन जाणणाऱ्याचं काम. दगड शाबूत असेल तर स्वच्छ पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश पुरतो. ऊन उतरल्यावर दगड पूर्ण भिजवा आणि खालून वर घासत जा. वरून सुरुवात केली की मळकं पाणी खालच्या कोरड्या दगडात मुरतं आणि ओघळांचे डाग राहतात. हातभर जागा घासली की लगेच धुवा.

कुणीतरी ॲसिड आणेलच. ठाम नाही म्हण. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ॲसिडने तो फसफसून विरघळतो. ब्लीचचे क्षार दगडात मुरतात, आत त्यांचे स्फटिक होतात आणि वरचा थर फुटतो. तारेच्या ब्रशचे कण मागे राहून गंजतात. प्रेशर वॉशर सांध्यांतला चुना उडवतो. मग लोक सिमेंट भरतात, ते आणखी वाईट. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, ती मऊ दगडातून वाट काढते आणि सांध्यालगतचा दगड सोलवटतो. सांधे चुन्यानेच भरायचे.

अक्षरं शिशाची असतील तर ब्रश आणखी हलका. ती खाचेत ठोकून बसवलेली असतात, दगड झिजला की सुटून वर येतात. गळलेलं अक्षर सापडलं तर कुठल्या नावातलं ते लिहून पाकिटात ठेव. ब्राँझच्या पाटीला पितळ उजळायची पेस्ट अजिबात नको, तिने उठावाची अक्षरं झिजतात.

शेवाळ धुऊनही परत येत असेल तर बागेतला तुषार फवारा बघ. त्याचं पाणी दगडावर पडत असेल तर सगळी मेहनत वाया. तोंड वळवून घ्या. पायथ्याभोवती वीतभर खडीची पट्टी करून घ्या, म्हणजे गवत कापायचं यंत्र दगडाला लागणार नाही.

सांध्यांचे जवळून काढलेले फोटो पाठव, बघून कळवतो.

बाबा