गुडघेदुखीवर सुई हा उपाय नव्हे

महोदय,

कापूस वेचणीचा हंगाम सुरू झाला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत गुडघे, कंबर आणि बोटे दुखत असल्याची तक्रार घरोघरी ऐकू येते. चाळिशी ओलांडलेल्या बाया कमरेला कापसाची ओटी बांधून दिवसभर वाकतात, सकाळी भिंतीचा आधार घेतल्याशिवाय त्यांना उभे राहता येत नाही, आणि तरीही मजुरी बुडेल म्हणून दवाखान्यात न जाता त्या गावातच कुणाकडून तरी सुई टोचून घेतात किंवा बाजारातून ‘वातावरच्या’ पुड्या आणतात. दुसऱ्या दिवशी आराम पडतो, म्हणून विश्वास बसतो. परंतु अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. त्याने रक्तातील साखर वाढते आणि हाडे ठिसूळ होतात. ज्यांनी त्या महिनोन्‌महिने घेतल्या आहेत त्यांनी एकाएकी बंद करणेही धोक्याचे असल्याने, पुडीसह डॉक्टरांना दाखवून सल्ला घ्यावा.

सगळे आखडणे वयाचे नसते. झिजेमुळे आखडलेला सांधा सकाळी बहुधा अर्ध्या तासात मोकळा होतो. मात्र तासाभरानंतरही बोटे वळत नसतील आणि दोन्ही हातांचे लहान सांधे सुजलेले असतील, तर तो आमवात असू शकतो आणि त्यावर वेळीच उपचार सुरू झाले तर सांधे वाकडे होणे बरेचसे टळते. हा फरक विचारायला कुणी नसते, याचेच मला सर्वाधिक वाईट वाटते.

झिजेच्या गुडघेदुखीत वजन कमी करण्याचा सल्ला योग्यच आहे, पण तो आमच्याकडील किडकिडीत मजूर बायांच्या कामाचा नाही. त्यांना मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा: बाजेवर बसून पाय गुडघ्यात सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, हळूच खाली आणायचा. यात पैसा लागत नाही, फक्त कुणीतरी एकदा नीट शिकवावे लागते.

उपकेंद्रांत तीस वर्षांवरील लोकांचा रक्तदाब व साखर तपासली जातेच. त्याच वेळी सांध्यांविषयी दोन प्रश्न विचारावेत आणि वेचणी सुरू होण्यापूर्वी आठवडी बाजाराच्या दिवशी भौतिकोपचार तज्ज्ञाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, अशी जिल्हा आरोग्य विभागाला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपली,
एक शेतकरी वाचक,
जि. यवतमाळ