आबाजींसाठी मोठ्या अक्षरांची वही

नागपूर, 8 जून

प्रिय सुधीर,

परवा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. ऑगस्टमध्ये काकांना 75 पूर्ण होतात आणि काय द्यावं ते सुचत नाही, असं तू म्हणालास. शाल झाली, घड्याळ झालं, मोबाइल घेतला तर तो कपाटात पडून आहे. हे फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज निवांत लिहून राहिलो. मी आबाजींसाठी यंदा एक वही केली. हातानं लिहिलेली, हातानं शिवलेली. कागद, पेन, दोरा, पुठ्ठा मिळून खर्च साडेतीनशे रुपयांच्या आत.

सुरुवात कुठून झाली ते सांगतो. आबाजी सकाळी पेपर घेऊन बसतात हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. हिवाळ्यात एकदा माझ्या लक्षात आलं की पेपर हातात आहे, पण तासभर एकच पान समोर आहे. उलटत नाहीत. मला एकदम कसंतरीच झालं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. कडेचं दिसतं, पण नेमकं जिथं बघावं तिथंच धूसर. नवा चष्मा करून उपयोग नाही. अक्षर मोठं हवं आणि उजेड भरपूर हवा.

मग मी एका कागदावर काळ्या जाड पेनानं वेगवेगळ्या आकारात शब्द लिहून त्यांना दाखवले. सुधीर, आपल्या लिपीत किती बारकावे आहेत ते मला त्या दिवशी कळलं. ध आणि घ, भ आणि म त्यांना सारखेच दिसत होते. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत शिरत होत्या. शिरोरेघेपासून खाली अक्षर एक सेंटीमीटर आणि दोन ओळींमध्ये तेवढीच मोकळी जागा ठेवली, तेव्हा ते अडखळत का होईना, वाचायला लागले. पांढराशुभ्र कागद त्यांच्या डोळ्यांवर यायचा. महाल भागातल्या कागदवाल्याकडून मग पिवळसर झाक असलेला जाड कागद आणला.

आता लिहायचं काय? पोथी मोठ्या टायपात विकत मिळते. मला वाटलं, त्यांचंच त्यांना वाचायला द्यावं. आबाजी 1958 साली रेल्वेत लागले आणि गार्ड म्हणून 1995 साली निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं अडीच फुटी रुळांच्या छोट्या गाडीवर गेली: इतवारी, कुही, उमरेड, भिवापूर, नागभीड. ती लाइन 2019 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली, तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नव्हते. मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात मी त्यांना एकदा घेऊन गेलो होतो. तिथं इंजिनाला हात लावून किती वेळ उभे राहिले होते!

रोज संध्याकाळी चहा झाला की मी मोबाइलवर त्यांचं बोलणं टेप करायला लागलो. पहिले दोन दिवस ते नुसती भाषणासारखी उत्तरं देत होते. "तुमच्या नोकरीबद्दल सांगा" म्हटलं की माणूस अवघडतो. मग मी विचारलं, "गार्डाच्या पेटीत काय काय असायचं?" आणि धरणच फुटलं जणू. झेंड्या, दिवा, शिट्टी, धोक्याच्या इशाऱ्यासाठी रुळावर ठेवायचे फटाके, डबा, आजीनं बांधून दिलेली मिरचीची चटणी. पावसाळ्यात दिव्याची काच धोतराच्या सोग्यानं कशी पुसायची, तेही हातानं करून दाखवलं. काकांना विचारशील तेव्हा असंच वस्तूवरून विचार.

एक मोठी चूक मी केली, ती तू करू नकोस. टेप ऐकून मी अगदी शुद्ध, पुस्तकी मराठीत अकरा पानं उतरवली. "पावसाने रूळ निसरडे झाले होते" वगैरे. वरच्या खोलीत त्यातलं एक पान आजीला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं हाये. पण हे कोन बोलून राहिलं?" रात्री मी ती अकरा पानं बाजूला ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिलं, त्यांच्या तोंडचं, जसंच्या तसं. "मले", "तुले", "काहून" सगळं तसंच ठेवलं. त्यात माझ्या तीन आठवड्यांच्या रात्री गेल्या, पण त्याचं मला काही वाटत नाही.

बांधणी जमते रे, घाबरू नकोस. चार-चार कागद एकत्र दुमडून एकेक जुज करायचा. घडीवर दाभणानं पाच भोकं पाडायची आणि मेणबत्तीवर ओढून घेतलेल्या जाड दोऱ्यानं सगळे जुज एकमेकांत शिवत जायचे. मैद्याची खळ शिजवताना हात थांबवायचा नाही, नाहीतर गाठी होतात. माझी पहिली खळ पातळ झाली, वर मी वही कूलरसमोर वाळत ठेवली. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात कूलरशिवाय बसणार कोण? त्या दमट वाऱ्यानं पुठ्ठा पापडासारखा वाकला. दुसऱ्यांदा घट्ट खळ केली, आजीचा पाटा वर ठेवला आणि कूलर नसलेल्या खोलीत दोन दिवस हात लावला नाही. पुठ्ठ्यावर कापड कोणतं लावलं माहीत आहे? आबाजींच्या पेटीत तळाला एका फाटक्या हिरव्या झेंडीचा तुकडा होता. तोच.

1 जूनला दिली. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेली ती तारीख, पण आम्ही वाढदिवस त्याच दिवशी करतो. त्यांनी आधी कापडावर अंगठा फिरवला, उलटसुलट. काही बोलले नाहीत. मग खिडकीशी खुर्ची ओढून घेतली, मान जराशी डावीकडे वळवून, डोळ्याच्या कडेनं बघत, बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले: "इ-त-वा-री." आजी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. चौथ्या पानावर ते थांबले. "चुकलं रे इथं. ताक पाजनारी बाई कुहीची नव्हती, भिवापूरची होती." दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः वाचून काहीतरी चूक काढली होती. मी पेन आणायच्या निमित्तानं आत गेलो, कारण माझ्यानं तिथं उभं राहवेना.

शेवटी सोळा पानं कोरी ठेवली होती. त्यातली सहा आता भरली. संध्याकाळी तेच हाक मारतात, "येतं का रे बाबू, भरून घे."

काकांचे डोळे चांगले आहेत, तुला एवढं मोठं अक्षर नको. पण एम्प्रेस मिलबद्दल त्यांच्याकडे किती असेल! 1877 साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ती कापड मिल. त्यात काकांनी साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, इतकी वर्षं काढली, आणि आपण दोघांनी त्यांना भोंगा किती वाजता व्हायचा एवढंही कधी विचारलं नाही. डब्यात काय असायचं, साच्यावर धागा तुटला की हात कसा चालायचा, पहिल्या पगारातून घरी काय आणलं, इथून सुरू कर. रोज अर्धा तास पुरे. पुण्याहून फोनवरसुद्धा होईल, काकूंना सांग स्पीकरवर ठेवायला. मात्र लिहायला जुलै उजाडू देऊ नकोस.

दाभण विकत घेऊ नकोस, माझं आहे. पिवळसर कागदाचे पंधरा-वीस ताव उरलेत, तेही तुझ्यासाठी काढून ठेवले. येशील तेव्हा शनिवारी संध्याकाळी ये, आबाजी तुला उमरेडच्या पावसाचं पान स्वतः वाचून दाखवणार आहेत, तसं त्यांनी बजावलं आहे.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
प्रमोद